शाळेच्या वर्दीची इको: जूनमध्ये पैसे देण्याआधी दहा मिनिटं काढा

मे महिना संपत आला की बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा वर्दी कुणाची लावली? रिक्षा असो की व्हॅन, मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी ठरवलेल्या गाडीला इथे वर्दीच म्हणतात. दांडिया बाजारापासून मांजलपूर, वाघोडिया रोडपर्यंत आता वर्दी म्हणजे बहुतेक करून मारुतीची इको. भाडं किती आणि काका वेळेवर येतात का, एवढं विचारून लोक पहिल्या महिन्याचे पैसे देऊन मोकळे होतात. गाडीभोवती एक फेरी मारून दारं उघडून बघायला दहा मिनिटं पुरतात. हे परीक्षण त्या दहा मिनिटांसाठी लिहिलं आहे, गाडीचं आणि सेवेचं दोन्हींचं.

मत आधीच सांगतो. गाडी म्हणून इको या कामाला बरी आहे. लांबी 3,675 मिलिमीटर आणि रुंदी 1,475, म्हणून सोसायटीच्या आत सहज वळते. बाजूची दारं सरकणारी असल्याने दार उघडल्यावर ते शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याच्या अंगावर येत नाही. एक इको आली की शाळेच्या गेटसमोरून पाच-सहा स्कूटर कमी होतात, आणि सकाळ-दुपारच्या पाळ्यांची अदलाबदल होते त्या अर्ध्या तासात हे फार मोलाचं असतं. कमी पडते ती समोरच्या टकरीत. इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, गाडीला पुढे नाक जवळजवळ नाही, त्यामुळे धक्का सोसायला बंपर आणि माणसाचे गुडघे यांच्यामध्ये फारसं काही नसतं. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली इको आदळून पाहिली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले होते. नव्या गाड्यांत एअरबॅग आल्या. वर्दीत मात्र सात-आठ वर्षांच्या जुन्या गाड्याही धावतात. म्हणून पुढच्या सीटवर लहान मूल बसवू देऊ नका, एका सीटवर दोन तर मुळीच नाही. एअरबॅग असलेल्या गाडीतही नाही, कारण फुटणारी एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या मापाची असते आणि लहान मुलाच्या तोंडावर येते. दोन सीटांच्या मधे मूल बसवलं तर गिअर टाकताना काकांचा हात रोज त्याच्या गुडघ्याला अडतो, आणि ऐन वेळी गिअर पडत नाही.

मागची डिकी

जून 2024 मध्ये मांजलपूरला सोसायटीच्या रस्त्यावर चालत्या व्हॅनच्या मागच्या दारातून दोन विद्यार्थिनी बाहेर पडल्या. तो व्हिडिओ गावभर फिरला, आरटीओने काही दिवस गाड्या अडवल्या, वर्दीवाल्यांनी संप केला. त्यानंतर वर्ष फिरलं की लोक पुन्हा डिकीकडे पाठ करूनच मुलांना बसवतात.

डिकीचं लॅच दोन टप्प्यांत बसतं. पहिली 'टक' झाली की दार लागल्यासारखं दिसतं, पण ते अर्धंच लागलेलं असतं; दुसरी 'टक' झाली की पूर्ण. मागे दप्तरं कोंबलेली असली की आतून दाब येतो आणि दार पहिल्या टप्प्यावरच अडकून राहतं. पुढे गतिरोधक आला, गाडीचा मागचा भाग उसळला की तेवढा धक्का लॅच सुटायला पुरतो. म्हणून तपासणी अशी करा: डिकी लावायला सांगा, मग तळव्याने खालच्या कडेजवळ दाबा आणि बाहेर ओढा. खडखड झाली, किंवा दाबल्यावर आणखी एक 'टक' ऐकू आली, तर लॅच नीट बसत नाही. खाली चौकटीवर जी लोखंडी कडी असते तिच्यावर एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा दिसला, तर कडी सरकली आहे. स्क्रू ढिले करून ती जागेवर आणणं गॅरेजमधलं थोडक्यातलं काम आहे. काका ते करून घेतात की "चालतं, कधी उघडलं नाही" म्हणतात, त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते कळतं.

लॅच कितीही चांगलं असो, मुलाची पाठ डिकीला टेकलेली नको. दप्तरांसाठी छताला कॅरिअर हवा, त्याला जाळी किंवा दोरी हवी. बाजूला हुकाला लटकवलेली दप्तरं गाडीची रुंदी दोन्हीकडे हातभर वाढवतात आणि पोळीच्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीच्या, तोंडाशी नेमकी कुणाच्या तरी हँडलला अडकतात.

सिलिंडरवरची फळी

वर्दीचं गणित सीएनजीवर चालतं, त्याला हरकत नाही. कंपनीच्या सीएनजी इकोत सिलिंडर मागच्या सीटच्या पाठीमागे, सामानाच्या जागेत असतो. तिथे फळी टाकून वर गादी शिवतात आणि चार-पाच मुलं बसवतात. त्या फळीला ना पाठ, ना पट्टा. पाय ठेवायला जागा नसते म्हणून मुलं पाय सिलिंडरच्या वॉल्व्हजवळ टेकवतात. करकचून ब्रेक लागला की फळीवरचं मूल पुढच्या सीटच्या कडेवर तोंडावर येतं. मागून ठोकर बसली तर ते आणि डिकीची काच यांच्यात काहीच नसतं. फळी दिसली की ती वर्दी लावू नये, मग भाडं कितीही कमी असो. यात आम्ही तडजोड सुचवणार नाही.

सिलिंडरवर धातूची पट्टी असते, तिच्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. आत गॅस 200 बारपर्यंत भरलेला असतो, म्हणून ही तारीख नावापुरती नसते. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसी बुकात इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं चढलेलं हवं. नुसतं 'पेट्रोल' असेल तर किट कागदावर नाहीच, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. मुलं आत असताना गॅस भरायला पंपावर उभं राहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. दुपारी पंपावर रांग असते, काकांना ती फेरीच्या वाटेवरच उरकावीशी वाटते. मुलांनाही एक गोष्ट शिकवा: गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच काकांना सांगायचं. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, तो ओळखू यावा म्हणून घातलेला असतो. गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, दारं उघडली, मुलांना उतरवून दूर नेलं आणि सिलिंडरचा वॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद केला की तो वर निघून जातो. हे सगळं काकांना न विचारता करता आलं पाहिजे. एकदा विचारून बघा, वॉल्व्ह कुठे आहे ते लगेच दाखवतात का.

कुठलं दार उघडतं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. इकोला दोन्ही बाजूंना सरकतं दार आहे. डावं दार कडेला उघडतं, उजवं रहदारीत. मोठ्यांच्या गाडीत ही सोय आहे. शाळेच्या वर्दीत उजवं दार बंदच राहिलं पाहिजे.

दाराच्या कडेला, लॅचजवळ, चाइल्ड लॉकची छोटी खिट्टी असते. ती लावली की आतल्या हँडलने दार उघडत नाही, बाहेरून उघडतं. उजव्या दाराची खिट्टी कायम लावलेली हवी, डाव्याचीही. आत बसून दार लावून घ्या आणि हँडल ओढून बघा. जुन्या गाड्यांत खिट्टी फिरते पण आतली तार सुटलेली असते, म्हणून नुसती खिट्टी बघून भागत नाही. एक काळजी मात्र घ्या: लॉकचं बटण दाबून दार कुलूपबंद ठेवायचं नाही. चाइल्ड लॉक असलेलं दार रस्त्यावरचा कुणीही बाहेरून उघडून मुलांना काढू शकतो. कुलूप लावलेलं दार बाहेरून उघडता येत नाही.

डाव्या दारालाही चाइल्ड लॉक लावलं की काकांना प्रत्येक थांब्यावर उतरून यावं लागतं. नेमकं हेच हवं आहे. उतरले की ते मुलाचा हात धरतात, मागून येणारी स्कूटर बघतात, दार स्वतः लावतात. एका थांब्याला वीस सेकंद धरली तर आठ थांब्यांना तीन मिनिटंही होत नाहीत. हा वेळ वाचवायला बऱ्याच वर्द्यांत दाराजवळच्या मोठ्या मुलाला 'दार सांभाळ' म्हणून बसवतात. पाचवी-सहावीतला मुलगा अंगाने मोठा दिसतो, पण चालत्या गाडीत उभं राहून जड दार ओढणं त्याचं काम नव्हे, आणि काही झालं तर तो दोष त्या पोराच्या डोक्यावर आयुष्यभर बसतो.

सरकतं दार रुळांवर छोट्या चाकांनी चालतं. चाकं झिजली की दार किंचित खाली लटकतं, लावताना उचलून आपटावं लागतं. असं दार अर्ध्या लॅचवर राहण्याची शक्यता जास्त. एका बोटाने ढकललं तरी ते सरकलं पाहिजे, आणि शेवटी एकाच झटक्यात दुसरी 'टक' आली पाहिजे. बोटं चिमटतात ती मात्र पुढच्या खांबापाशी: मूल चढताना खांबाला धरतं आणि मागून दार येतं. "हात मांडीवर" असं म्हटल्याशिवाय दार ओढायचं नाही, ही सवय चांगल्या काकांना असते.

मूल उतरतं कसं तेही जवळून बघा. पाठीला दप्तर, गळ्यात वॉटरबॅग. ते दाराकडे पाठ करून, पायरी चाचपत खाली येतं आणि वॉटरबॅगचा पट्टा सीटबेल्टच्या कडीत किंवा सीटच्या तरफेत अडकून राहतो. पाय जमिनीवर, गळा गाडीला बांधलेला. काका सीटवरून आरशात बघत असतील तर त्यांना मूल उतरलेलं दिसतं, पट्टा दिसत नाही. म्हणून दप्तर आणि वॉटरबॅग आधी हातात, मग मूल खाली, तोंड रस्त्याकडे करून. दार लावल्यावर चौकटीबाहेर कुठलाही पट्टा लोंबत नाही हे पाहूनच गाडी हलवायची.

शाळा रस्त्याच्या उजव्या हाताला असेल तर खरा कस लागतो. पुढून वळसा घालून शाळेच्या बाजूला यायचं म्हटलं की दुभाजकाच्या पुढच्या फटीपर्यंत जावं लागतं, चार मिनिटं जातात. मग काका समोरच थांबतात आणि मुलं एकटी रस्ता ओलांडतात. इकोची उंची 1.8 मीटरच्या आसपास, पहिलीतलं मूल सव्वा मीटरही नसतं. गाडीच्या पुढून ते बाहेर आलं की शेजारून पुढे जाणाऱ्या वाहनवाल्याला ते दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. वळसा घालायचाच, हे भाडं ठरवतानाच कबूल करून घ्या. घराकडेही तोच नियम. पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून आई "ये, ये" म्हणते आणि मूल तिच्याकडे बघत धावतं, रस्त्याकडे बघत नाही. ज्या बाजूला गाडी थांबते त्याच बाजूला जाऊन उभं राहा.

रिव्हर्स नकोच. मागे दप्तरं आणि डोकी असल्याने आतला आरसा निकामी झालेला असतो, आणि पार्किंग सेन्सर जुलै 2019 नंतरच्या नव्या गाड्यांनाच सक्तीचे झाले. राओपुरा, वाडीकडच्या पोळींत गाडी आत शिरली की मागे घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिथे गाडी पोळीच्या तोंडाशीच थांबवायची आणि मुलाला घरच्या कुणी तरी चालत आणून सोडायचं.

किती मुलं आणि किती पैसे

कागदावर 12 वर्षांखालच्या मुलांना संख्येत सवलत मिळते आणि ती सवलतच पुढे ताणली जाते. "एडजस्ट थई जशे" म्हणत म्हणत बारा-चौदा मुलं होतात. आमचं माप सोपं आहे: जितके पट्टे तितकी मुलं. सात सीटच्या इकोत मधे तीन, मागे दोन आणि पुढे एक मोठा विद्यार्थी, मिळून सहा. मधल्या सीटवर चौथं लहान मूल बसवून सात होतात. त्या चौथ्याला पट्टा मिळत नाही, हे मान्य करूनच ही तडजोड करावी लागते. त्यापुढे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194अ प्रमाणे जादा माणसामागे 200 रुपये दंड आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर 194ब खाली 1,000. दोन्ही रकमा वर्दीवाल्याच्या एका जादा मुलाच्या भाड्यासमोर फार मोठ्या नाहीत, म्हणून दंडाच्या भीतीने संख्या कमी होईल अशी आशा धरू नका.

संख्या कमी होते ती पालकांनी पैसे वाढवले तर. समजा 12 मुलांकडून महिना 1,200 प्रमाणे 14,400 मिळतात. तेवढेच सात मुलांत वाटले तर प्रत्येकी 2,057. फरक 857 रुपये, शाळेचे 24 दिवस धरले तर दिवसाला सुमारे 36. एका सोसायटीतल्या सात घरांनी मिळून एक गाडी बांधली तर हे जमतं, थांबाही एकच होतो. एकट्याने जाऊन "कमी मुलं बसवा" म्हटलं तर काका मान हलवतात आणि ऑगस्टपर्यंत दोन मुलं वाढलेली असतात.

आणखी एक प्रश्न विचाराच: दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ आहे? एक शाळा 12 ला सुटते आणि दुसरीकडची मुलं 12:20 ला पोहोचवायची आहेत, असं असेल तर ती गाडी रोज पळणार. 30 च्या वेगात चालकाचं लक्ष जाऊन गाडी थांबेपर्यंत साधारण 13 मीटर जातात, 50 च्या वेगात 28. शाळेच्या गल्लीत 28 मीटर मोकळे कधीच नसतात.

कागदांचं काम घरबसल्या होतं. एमपरिवहन ॲपमध्ये जीजे 06 चा तो नंबर टाका. वाहनाचा प्रकार, इंधन, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं दिसतं. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवली तर विम्याचा दावा अडतो, आणि मग मुलाच्या उपचाराच्या खर्चासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. टायरसाठी बाजूच्या छोट्या त्रिकोणाच्या रेषेत खाचेतली आडवी पट्टी बघा. रबर त्या पट्टीला टेकलं की टायर संपला.

रिक्षाची वर्दी एक-दीड किलोमीटरपर्यंत आणि चार मुलांपर्यंत ठीक आहे, उजवीकडे पक्की आडवी दांडी आणि डावीकडे साखळी असेल तर. पुढे चालकाशेजारी मूल बसवलं असेल तर नको, हँडल पूर्ण वळत नाही. स्वतःच्या ॲक्टिव्हावर पुढे उभं केलेलं मूल या सगळ्यांपेक्षा धोक्यात असतं: ब्रेक दाबला की हनुवटी थेट हँडलवर, आणि उत्तरायणाच्या दिवसांत मांजा आधी त्याच्या गळ्याला लागतो. चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी 2023 पासून हार्नेस, हेल्मेट आणि 40 ची वेगमर्यादा कायद्याने सक्तीची आहे. मूल मागे, हार्नेसमध्ये, आणि जानेवारीत पुढे तारेचा गार्ड.

पावसाळ्यासाठी एक ओळ आधीच ठरवून ठेवा: अलकापुरी गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) किंवा कुठेही अर्ध्या चाकावर पाणी दिसलं की गाडी आत घालायची नाही, मुलं उशिरा आली तरी चालेल. आणि बदली चालकाचं बोलून घ्या. काका आजारी पडले की भाऊ किंवा भाचा येतो, बहुधा दुसरी गाडी घेऊन, पांढऱ्या प्लेटची, फळी टाकलेली. त्याला थांबे माहीत नसतात, कुठलं मूल कुठे उतरतं ते तो मुलांनाच विचारतो. आदल्या रात्री गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव पालकांच्या ग्रुपवर आलं, तरच सकाळी मुलाला त्या गाडीत बसवा. नंबर आला नसेल तर त्या दिवशी स्वतः सोडून या.